दोन धवल्यांचा काढा

माझ्या सासूबाईंचा खोकला दिवाळीत सुरू झाला आणि तुळशीचं लग्न लागून गेलं तरी हटेना, तेव्हा आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईला आपण जन्मजात वैद्य असल्याचा शोध लागला. एरवी सत्तरीच्या बाईच्या खोकल्याची एवढी दखल कुणी घेत नाही. खोकणं हे त्या वयाचं कामच आहे असं धरून चालतात. पण आमच्या आई धवलारीण आहेत. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागताना, तेल चढताना, मांडव घालताना त्या त्या वेळेचं गाणं म्हणावं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि ते म्हणणारीला धवलारीण. भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारणीला उशीर झाला तर नवरी पाटावर बसत नाही. चाळीस वर्षं आई हे काम करताहेत. निम्मं कामोठं आपल्या आईच्या आवाजावर पिवळं झालंय, असं माझा नवरा सांगतो, आणि या एका बाबतीत तो वाढवून सांगत नाही.

मार्गशीर्षाच्या शेवटाला रोडपालीत जी हळद होती ती आईंच्या स्वतःच्या नातीची होती, माझ्या नणंदेच्या मुलीची. ही नात जन्मली तेव्हा आईंनी दवाखान्यातच जाहीर केलं होतं, "हिचे हलदीला मीच गायन." तेव्हापासून तो दिवस त्यांनी जपून ठेवला होता. गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, दर दुखण्यात त्यांचं म्हणणं एकच असायचं, बाकी काय ते जाऊ दे, त्या हळदीपर्यंत गळा राहिला पाहिजे. आणि दुखणं नेमकं गळ्यालाच येऊन बसलं.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न करून इथे आले त्याला अठरा वर्षं झाली. आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावठाणात आहे. तळमजल्यावर माझे विज्ञानाचे क्लास, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि त्याच्या वर भाडेकरू. आई वर खोकायला लागल्या की खाली माझा विद्युतधारेचा धडा अडकायचा. मी बोलता बोलता थांबून कान द्यायची आणि मुलं माझं वाक्य पुरं करून टाकायची. मला राग लवकर येतो, हे त्या क्लासच्या फळ्यालाही ठाऊक आहे. मला खोकल्याचा राग यायचा, आणि तो जात नाही म्हणून आईंचाही यायचा, जणू काही त्या अभ्यासच करत नव्हत्या.

डॉक्टरांकडे आधी नेलंच. पलीकडच्या नव्या वसाहतीच्या सेक्टरमधले डॉक्टर शांत माणूस. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, रक्त तपासलं आणि काळजीचं काही नाही म्हणाले. सर्दीनंतरचा खोकला आहे, त्यात आपल्याकडची धूळ, रेंगाळतो महिना-दोन महिने. गोळ्या दिल्या, वाफ घ्यायला सांगितली. निघताना मला म्हणाले, "घरचं काही द्यायचं असेल तर द्या, पण एका वेळी एकच द्या. नाहीतर कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं, हे मलाही कळणार नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. घरी आल्या आल्या मी क्लासच्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तक्ता आखला. तारीख, काढा, सकाळचा खोकला, संध्याकाळचा खोकला. प्रत्येक औषधाला तीन दिवस. मुलांना सांगितलं की याला प्रयोग म्हणतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. पहिल्या ओळीत लिहिलं, हळद घातलेलं गरम दूध.

प्रयोग दुपारी साडेबाराला संपला. मी क्लास आटोपून वर गेले तर आईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर चार पेले रांगेत उभे होते. एकात आलं-गवती चहा, एकात ओव्याचं पाणी, एकात कांद्याचा रस आणि मध. चौथ्यात काय होतं ते आणणारीलाही नीट सांगता आलं नव्हतं, तिच्या आईकडचं होतं एवढंच. चारही पेले रिकामे होते.

"आई, एका वेळी एकच ठरलं होतं ना आपलं?"

"एका येली एकच पिलाव," आई म्हणाल्या. "एक संपला, मंग दुसरा."

मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी मला समजावलं, आणि अगदी गंभीरपणे समजावलं. धवलारीण ज्या दारात गायली त्या दारातून आलेली वस्तू परत पाठवत नाही. साडी असो, नारळ असो, तांदूळ असोत. आता काढा आला तर काढा. "जिचे हलदीला गायलू, तिचा पेला कसा परत धाडू? ती बोलंल, माज्या घराचं वाईट चितलंन." आणि आई गायल्या नव्हत्या असं दार आळीत एकही नव्हतं.

मग काय, रीघ लागली. सुंठ, गूळ आणि तुपाच्या गोळ्या आल्या. बेहड्याची साल आली, दाढेत धरायला. भाजलेली लवंग आली. वरच्या भाडेकरीणबाईंनी, ज्यांच्या लग्नाशी आईंचा काडीचा संबंध नव्हता, त्यांनीही शेजारधर्म म्हणून लसणीच्या पाकळ्यांची माळ ओवून दिली. ती आईंनी गळ्यात घातली आणि दोन दिवस आमच्या घरात फोडणी चालू असल्यासारखा वास येत राहिला. मोरा बंदराहून आईंची एक जुनी कोळीण मैत्रीण होडीच्या धक्क्यावरून थेट इकडे आली आणि खेकड्यांचा डबा उघडून म्हणाली की पाल्यामुळ्यांनी काय होतंय, चिंबोरीचा झणझणीत रस्सा पी. आई तोही प्यायल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहिलं, आणि त्या तासाभरात त्या एकदाही खोकल्या नाहीत, हे मला प्रामाणिकपणे फळ्यावर लिहावं लागलं. मी रस्सा या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

आईंचे ब्लाउज शिवणाऱ्या खाला पनवेलमध्ये राहतात. लग्नाचे ब्लाउज आणायला मी गेले तर त्यांनी कपड्याच्या पिशवीतच कागदाची पुडी ठेवली. "जोशांदा है. अम्मी को सुबह-शाम देना. इसमें असली चीज मुलेठी है, वो तुम्हारे जेठीमध-बिठीमध से कुछ नहीं होता." मी त्यांना सांगितलं की खाला, दोन्ही एकच. त्यांनी मान हलवली, विज्ञान शिकवणाऱ्या बाईला एवढंही माहीत नसावं याचं वाईट वाटल्यासारखी. घरी येऊन तेच ज्येष्ठमध आणून दिलेल्या शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्याही तशाच बघत राहिल्या. शेवटी आईंनी दोघींचं वेगवेगळं उकळून घेतलं आणि वेगवेगळं प्यायल्या.

फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही. मी पेल्यांवर चिकटपट्टी लावून नावं घातली, मग माझा नवरा सकाळी घाईत चहा समजून कडुनिंबाचं पाणी प्यायला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. खोकला होता तसाच होता. फळ्यावरचा तक्ता मी पुसला नाही, पण त्याच्याकडे बघणं सोडलं.

या सगळ्यात एकाच बाईला खोकल्याचं काही वाटत नव्हतं. आईंची जोडीदारीण. धवले दोघी मिळून म्हणतात, एक ओळ सोडते आणि दुसरी ती उचलते. गेली चाळीस वर्षं आई ओळ सोडतात आणि या म्हातारबाई उचलतात. त्यांना गेल्या काही वर्षांत कानाने फारच कमी ऐकू येतं, पण त्याने कामात खंड पडलेला नाही, कारण त्या आईंच्या ओठांकडे बघतात आणि बरोबर ठिकाणी आवाज लावतात. रोज दुपारी त्या आमच्याकडे येऊन बसायच्या. पेल्यांची रांग बघून मला म्हणायच्या, "कंला एवरं औशद पाजताव हिला? जालंय काय हिला?" शेजारी आई खोकून खोकून लाल झालेल्या असायच्या. मी खुणेने घसा दाखवला की त्या म्हणायच्या, "घसा बरा हाय तिचा. मना ठाव हाय."

लग्नाला तीन आठवडे उरले असताना एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते आणि आई देवापुढे बसून धवला गुणगुणायला लागल्या. पहिली ओळ खालच्या पट्टीत गेली. दुसऱ्या ओळीला आवाज वर चढतो. तिथे काहीच आलं नाही. खोकलाही आला नाही, नुसती हवा आली. आईंनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच ठिकाणी हवा. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवातच केली नाही, निरांजन नीट केलं आणि उठल्या. मी पाठ फिरवली आणि काही ऐकलं नाही असं दाखवलं. मला खूप भीती वाटली. एवढे दिवस मी खोकल्याशी भांडत होते, आवाजाचा विचारच केला नव्हता.

त्याच दिवशी त्यांना पनवेलला घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून मी त्यांना दारात सोडून दोन गल्ल्या पुढे गेले. परत येते तो आई तपासून बाहेर आल्याही होत्या, हातात चिठ्ठी घेऊन बाकावर बसल्या होत्या. "काय म्हणाले?" "काय नाय. बोलाचा नाय बोललाय. दोन हप्ते." चिठ्ठीवर तेच होतं, आवाजाला विश्रांती. मला आत जाऊन विचारायचं होतं, पण आतून पुढचा पेशंट बोलावला गेला आणि क्लासची वेळ झाली होती. मी आईंच्या शब्दावर विश्वास ठेवला.

घरी आल्यावर आईंनी माझ्या आयुष्यातला मोठा धक्का मला दिला. त्यांनी सगळे पेले बंद केले. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, फक्त घरचा काढा, असं आळीभर कळवायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांचं नाव पुढे केल्यावर कुणाचा अपमान झाला नाही. मग आईंनी मला ओट्यापाशी बोलावलं आणि हळू आवाजात, जवळजवळ श्वासानेच, काढा सांगितला. अडुळशाची सात पानं, ती बाजारातल्या पुड्यांमधली नाहीत, मंडईच्या कोपऱ्यावर डोंगराकडची कातकरीण बसते तिच्याकडची. आल्याचा तुकडा ठेचून. ज्येष्ठमधाची बोटभर कांडी. चार मिरी, गवती चहाचं एक पातं, शेवटी खडीसाखर. दोन पेले पाणी.

"किती वेळ उकळायचं?" मी विचारलं. मी वही घेऊन उभी होते.

"दोन धवले होतान तवर."

"म्हणजे किती मिनिटं?"

"मिनिटं मना नाय ठाव. हलद दलायचा एक नि हलद लावायचा एक. गायाचा नि उकलायचा. संपला का उतरवायचा."

मी म्हटलं, बारा मिनिटं धरू, फोनवर लावते. आईंनी फोन उचलून फ्रिजवर ठेवला. त्यांच्या सासूने असंच शिकवलं होतं, तिच्या सासूने तिला. घड्याळाला काढ्यातलं काय कळतं. पण त्यांना तर गायची बंदी होती. मग कोण गाणार, याचं उत्तर त्यांनी माझ्याकडे बघून दिलं.

इथे सांगितलं पाहिजे की मी गात नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला शेवटच्या रांगेत उभं करत. अठरा वर्षं मी मांडवात आईंच्या मागे ताट धरून उभी राहिले. दोनचारदा त्यांनी विचारलंही होतं, शिकतेस का, आणि मी हसून टाळलं होतं. माझे क्लास असतात, माझी बोली वेगळी, तुमचे ते शब्द माझ्या तोंडात बसत नाहीत. सगळी कारणं खरी होती. खरं कारण असं होतं की मला लाज वाटायची.

पण आता त्यांच्या घशाचा प्रश्न होता, आणि औषधाचं माप म्हणजे माप. माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईने स्वतःला समजावलं की वेळ मोजायचं साधन काहीही असू शकतं. पातेलं ठेवलं, पानं टाकली आणि मी हळद दळायच्या धवल्याला सुरुवात केली. त्यात हळद कुठल्या शेतातून आली, कुणी वाळवली, कुणी दळली, ते सगळं क्रमाने येतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त शब्द माझ्या कानात होते. जिथे अडले तिथे आईंनी ओठ हलवून दाखवलं. चाल चुकली की त्या चमच्याने ओट्यावर ठोकायच्या. एकदा ठोकलं तर आवाज वर, दोनदा ठोकलं तर ओळ पुन्हा. पहिल्या दिवशी एवढं ठोकलं की काढ्याचं पाणी आटून तळाला चार चमचे राहिलं. आईंनी ते चाटलं आणि अंगठा दाखवला.

सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. दुसऱ्या आठवड्यात क्लासची मुलं जिन्यात येऊन ऐकायची आणि मी खाली आल्यावर हसू दाबायचा प्रयत्न करायची. वरच्या भाडेकरीणबाईंनी विचारलं की काही व्रत धरलंय का. आईंचा चमचा हळूहळू कमी वाजायला लागला. एकदा त्यांची जोडीदारीण दुपारऐवजी सकाळी आली, मी गात होते, आणि तिने माझ्या तोंडाकडे बघत सवयीने ओळ उचलली. मी थांबले. तिने हात हलवून पुढे चालू ठेवायला सांगितलं. काढा त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर वेळेत झाला.

खोकला उतरला. लग्नाला सहा दिवस असताना आई एक पूर्ण रात्र न खोकता झोपल्या. ही बातमी आळीत गेली आणि विजयाचे दावे सुरू झाले. ओव्यावाली म्हणाली तिचं औषध सावकाश लागू होतं. कांद्यावालीने सांगितलं की मुळातून तोडलं ते कांद्यानेच. मोऱ्याहून निरोप आला की रस्सा कसा होता. खालांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, "मुलेठी ना?" कातकरीण म्हणाली, "माजीच पानं होती, म्हातारीला सांग." मी सगळ्यांना हो म्हटलं. भांडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही मनातून वाटत होतं की माझ्या काढ्याने गुण दिला. डॉक्टर म्हणाले होते तसे दोन महिने भरत आले होते, हे मला सोयीस्करपणे आठवलं नाही.

हळदीच्या दिवशी आम्ही सकाळीच रोडपालीला गेलो. इमारतीसमोरच्या मैदानात मांडव, एका बाजूला डीजेचे भलेमोठे बॉक्स, आणि नणंदेने डीजेवाल्याला दम भरलेला की धवले होईपर्यंत एक वायरही जोडायची नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात आईंचा दुपारचा काढा ठेवला आणि सवयीने गायला लागले. नणंद दारात येऊन उभी राहिली.

"वयनी, हे काय?"

"काढा. दोन धवले व्हायला हवेत ना."

ती हसायला लागली. हसता हसता ओट्याला टेकली. "आईनं सांगितलं तुला हे? आमी लहानपणापासून तिचा काढा पितोय. ती कधी नाय गायली. पानी निम्मं झालं की उतरवते. सगळे तसंच करतात."

पाणी निम्मं झालं की. मी पातेल्याकडे बघितलं. बाष्पीभवनाचा धडा मी वर्षाला तीनदा शिकवते. माझ्या डोळ्यांसमोर पाणी रोज कमी होत होतं आणि मी त्याच्यावर उभी राहून गात होते. मला असा काही राग आला की मी गॅस बंद करून थेट आतल्या खोलीत गेले. आई नऊवारी नेसत होत्या, जोडीदारीण निऱ्या धरून बसली होती.

"आई, काढा निम्मं पाणी होईपर्यंत उकळतात."

"मंग?" आई म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, पण खोकला नव्हता. "दोन धवले जाले का पानी निम्मंच व्हतं."

"तुम्ही माझी फसवणूक केलीत."

आईंनी कासोटा खोचला आणि पलंगावर बसल्या. मलाही हाताने बस म्हणाल्या. मग मला सांगितलं, घशाच्या डॉक्टरांनी त्या दिवशी मी गाडी लावत असताना काय सांगितलं ते. खोकला जाईल. वरचा सूर परत येईल की नाही ते सांगता येत नाही, या वयात बहुतेक नाही. "तुना सांगलं असतं तर तू रडली असतीस. मंग शिकली असतीस का?"

मी म्हटलं, "पण मग आज कसं?"

"बघू," आई म्हणाल्या. "गायाला तर बसते. पोरीला कबूल केलंय."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर नवरी पाटावर बसली. पुढच्या रांगेत सगळी वैद्यमंडळी नटून बसलेली. ओवा, कांदा, सुंठ, चिंबोरी, खालाही जरीची साडी नेसून आलेल्या. प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एकच, आता ऐका माझा काढा कसा बोलतो. मी हळदीचं ताट धरून नेहमीच्या जागी, आईंच्या मागे उभी होते.

आईंनी पहिली ओळ सोडली. खालचा सूर होता, आला. जोडीदारणीने उचलली. दुसरी ओळ वर चढली आणि आईंचा आवाज तिथेच संपला. ओठ हलत राहिले, नुसती हवा. पुढची रांग एकमेकींकडे बघायला लागली. पण जोडीदारीण आईंच्या ओठांकडे बघत होती. ओळ पुरी झाल्याचं तिला दिसलं आणि तिने खणखणीत आवाजात ती उचलली. आईंनी पुढची ओळ सोडली, एकाही माणसाला ऐकू आली नाही, आणि म्हातारीने तीही उचलली. मांडवात निम्मं गाणं ऐकू येत होतं आणि निम्म्याच्या जागी शांतता होती. नवरीच्या एका गालाला हळद लागलेली होती, तिने मान वळवून आजीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

आई थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. त्यांचा उजवा हात पाटाशेजारी ठेवलेल्या तांब्याकडे गेला आणि त्यांनी अंगठीने तांब्यावर एकदा ठोकलं.

त्या ठोक्याला मी तीन आठवडे घाबरत होते. ताट हातात तसंच धरून मी पुढची ओळ सोडली. आवाज फाटला. तांब्यावर दोनदा वाजलं, म्हणजे पुन्हा. मी पुन्हा म्हटली, या वेळी बरी गेली. जोडीदारणीने उचलली. मग मला पुढची रांग दिसेनाशी झाली, मला फक्त गॅसवरचं पातेलं दिसत होतं आणि कुठल्या ओळीला पाणी कुठवर येतं ते आठवत होतं. आई शेवटपर्यंत ओठ हलवत होत्या. मी रडत होते, आणि गातही होते, आणि माझी बोली कुणाला वेगळी वाटली असेल तर कुणी बोललं नाही. नात दोन्ही गाल पिवळे करून हसत बसली होती. दुसरा धवला संपला तेव्हा डीजेवाला बॉक्समागे वाकला होता. तो वायरी चाचपत होता.

जोडीदारणीने पदराने कपाळ पुसलं आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात आईंना म्हणाली, "आज बेस लागला गो बाय तुजा आवाज. पयल्यासारा. कोनाचा काढा?"

पुढची सगळी रांग वाकली. ओवा वाकला, कांदा वाकला, खालांनी कानावरचा पदर सारला. आई जोडीदारणीकडे वळल्या, तिला नीट दिसावं म्हणून तोंड तिच्यासमोर नेलं आणि आवाज न काढता, सावकाश ओठ हलवून सांगितलं, "सुनेचा."

"काय बोलली, काय बोलली?" रांगेतून विचारणा झाली. कुणालाच कळलं नव्हतं. मला ताटाच्या वरून दिसलं होतं.

जोडीदारणीने मान डोलावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मंग उद्या मनाबी दे. लग्नाला दोगीव गायाचंय."

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या सकाळी मी दोघींसाठी चौदा पानं टाकून काढा ठेवला, आणि पाणी कुठवर आलंय ते न बघता गायला लागले.